मला फटाके आवडतात, त्याबद्दल थोडंसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर केलेलं भाषण)



ज्येष्ठ सभासदांनी प्रत्येकी पंधरा मिनिटं आपल्या आवडीच्या गोष्टीबद्दल बोलावं, असं कमिटीने ठरवलं. माझ्या आधी बोललेल्या दोघांनी पंढरीची वारी आणि गच्चीवरची बाग हे विषय घेतले. दोन्ही सात्त्विक विषय, ऐकून बरं वाटलं. माझा विषय तितका सात्त्विक नाही. मला फटाके आवडतात. वय वर्षं चौऱ्याहत्तर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बीपीची गोळी रोज सकाळी, तरीसुद्धा आवडतात. घरात सूनबाई म्हणतात, "बाबा, हे बाहेर बोलू नका." पण आज माईकच हातात दिलाय, तर बोलतो.

हे आजच बोलायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आठवा विषय आहे : सोसायटीच्या आवारात फटाके वाजवण्यास कायमची बंदी. तो ठराव मी वाचलाय, त्याखाली सह्या कोणाच्या आहेत तेही पाहिलंय. सह्या करणारे सगळे माझ्या घरी चहाला येणारे आहेत. तेव्हा भांडायला उभा राहिलेलो नाही. १८४२ साली न्यायमूर्ती रानडे ज्या गावात जन्मले, त्या निफाडात आपण राहतो. निदान दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय आपल्याला हवी.

आधी माझा आनंद सांगतो. तो काय होता हे कळल्याशिवाय बंदी कशावर घालायची तेही कळणार नाही.

माझं लहानपण याच तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावात गेलं. आम्ही पाच भावंडं. वडील धनत्रयोदशीच्या आधी बाजारातून फटाके आणायचे, दीड-दोन रुपयांचे, एका कागदी पिशवीत. लवंगीच्या चार माळा, फुलबाज्यांच्या दोन पेट्या, टिकल्यांच्या डब्या, थोडी भुईचक्रं, थोडे लक्ष्मीचे तोटे, आणि मोठ्या भावासाठी एकच बाण. मग ओटीवर वाटप व्हायचं. हे वाटप आमच्या बँकेतल्या ऑडिटपेक्षा कडक असे. लवंगीची माळ कोणी अख्खी लावत नसे, असला उधळेपणा परवडणारा नव्हता. माळेची गुंफण हळूच सोडायची, एकेक लवंगी वेगळी करायची, मोजायची आणि चड्डीच्या खिशात ठेवायची. मग ओसरीत उन्हं आली की सुपात पसरून वाळवायची. वाळलेल्या लवंगीचा आवाज कडक येतो, सादळलेली फुस्स होते. आई म्हणायची, "मिरच्या वाळवताना एवढं लक्ष दिलं असतंत तर!"

आणि पहाट. आज फटाक्यांची वेळ संध्याकाळची झाली आहे, आमची पहाटेची होती. नरकचतुर्दशीला गावात पहिला फटाका कोणाच्या दारात वाजला यावर वर्षभराची अब्रू अवलंबून असायची. साडेतीनलाच जाग यायची. निफाडची थंडी काय ते मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना सांगून कळत नाही. हिवाळ्यात राज्यातलं सगळ्यात कमी तापमान पेपरात बऱ्याचदा आपल्याच नावावर लागतं. दिवाळीत ती थंडी नुकती पाय पसरायला लागलेली असते. बंब पेटलेला, अंगाला तेल-उटणं, आणि तशाच ओल्या केसांनी अंगणात. हातात उदबत्ती. आता इथे मुलांनी लक्ष द्या, कारण फटाक्यातली खरी मजा मी सांगतोय. मजा आवाजात फार तर एक आणा. बाकी पंधरा आणे मजा वात पेटली आहे की नाही हे न कळण्यात आहे. आपण वाकलेलो, उदबत्तीचं टोक वातीला लावलेलं, ठिणगी दिसली असं वाटतं, पळायचं की थांबायचं? मागून बहीण ओरडते, "पेटली! पेटली!" पळतो. काहीच होत नाही. सगळे गप्प. पुन्हा एक पाऊल पुढे टाकावं, तर तेवढ्यात फाट्कन. त्या तीन-चार सेकंदांत माणूस जितका जागा असतो तितका नंतर आयुष्यात फार वेळा राहत नाही. मी चौतीस वर्षं नोकरी केली. कॅश टॅली होत नसताना मॅनेजरसमोर उभं राहणं, एवढाच एक अनुभव त्याच्या जवळपास येतो, आणि त्यात मजा नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न फुटलेले फटाके गोळा करायचे. त्यांची पोटं फाडून दारू एका कागदावर काढायची आणि काडी लावायची. भक्कन उजेड. भुवया जळलेली एक-दोन पोरं दर वर्षी शाळेत दिसायची. आजच्या मुलांनी हे करू नये, मी फक्त इतिहास सांगतोय.

गावात फटाक्यांचे नियम नव्हते असंही समजू नका. लिहिलेले नव्हते, पण होते. बाण लावायचा तर नदीकडे तोंड करून. खळ्याकडे, चाऱ्याच्या गंजीकडे, पाचटाने शाकारलेल्या कांद्याच्या चाळीकडे कधीही नाही. एक गंजी पेटली तर एका घराची गुरं उन्हाळाभर उपाशी. गोठ्याजवळ तोटा वाजवला तर गोठेवाला कान पिरगाळायचा, मग पोरगं सरपंचाचं का असेना. आणि ज्या घरी वर्षात कोणी गेलेलं असेल, त्या घरासमोर आम्ही फटाके लावत नसू. कोणी शिकवलं होतं आठवत नाही.

पुढे बँकेत लागलो. शेवटची काही वर्षं याच तालुक्यातल्या शाखेत काढली. तिथे मला फटाक्यांची दुसरी बाजू दिसली, म्हणजे पैशाची. दिवाळीआधीच्या आठवड्यात काउंटरवर बसलं की यंदा कोणत्या गावात किती आवाज होणार ते आधी कळायचं. उन्हाळ कांदा चाळीत सांभाळून ठेवलेला असतो. त्याला लासलगावात भाव मिळाला, तर माणूस पैसे काढताना हसत असतो. कागदावर सही करता करता म्हणतो, "साहेब, पोरं यंदा ऐकायची नाहीत." भाव पडलेला असेल तर तोच माणूस तेवढेच पैसे काढतो, पण ते खताच्या दुकानात जातात. द्राक्षवाल्यांचं अजून वेगळं. दिवाळीच्या सुमाराला त्यांची गोडी छाटणी नुकती झालेली किंवा चाललेली. नवे कोंब फुटायला लागलेले, वर ढग दिसला की पोटात गोळा. त्यांच्या घरी दिवाळीला माळ लागली म्हणजे हवामानावर त्या दिवशीपुरता विश्वास आहे, असा अर्थ. तालुक्याच्या अर्थव्यवस्थेचा अहवाल मला लीड बँकेच्या कागदांतून कळला त्यापेक्षा लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर उभं राहून जास्त कळला.

काही मंडळी म्हणतात, फटाके आपले नव्हेतच. काही म्हणतात, वेदकाळापासून आहेत. दोघांनीही पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे वाचावेत. या भल्या माणसाने भारतातल्या शोभेच्या दारूचा इतिहास इ.स. १४०० पासून कागदपत्रांनिशी लावला. म्हणजे वेदांत नाही, पण पाच-सहाशे वर्षं तरी आहेच. त्यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक मजेदार प्रसंग दिलाय. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात. तिथे 'दारूची लंका' करतात : रावण, राक्षस, वानर सगळे दारूचे, हनुमानाच्या शेपटीला आग लावली की तो सगळी लंका पेटवत जातो. ऐकून पेशव्यांनी हुकूम केला, आपल्याकडेही करा. मग पर्वतीजवळ ती लंका जळाली आणि पुणेकरांनी पाहिली. मला यातली एक गोष्ट आवडते. एक लंका, एक मैदान, बघायला सगळं गाव. घरटी एक लंका नव्हती.

आता दुसरी बाजू. ती मला पहिल्यांदा नातीने दाखवली. ती चौथीत असताना शाळेतून शपथ घेऊन आली, फटाके वाजवणार नाही म्हणून. मी शिवकाशीचं नाव घेतलं तर म्हणाली, "आजोबा, तिथे लहान मुलं काम करायची, माहीत आहे का?" माहीत होतं. तमिळनाडूतलं ते कोरडं, कमी पावसाचं गाव. तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर १९२३ साली कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले, त्यातून पुढे फटाक्यांचे कारखाने उभे राहिले. आपण लहानपणी ज्या कोंबडा छाप पेटीकडे आशाळभूतपणे बघत होतो, ती तिथलीच. आणि त्या कामात लहान मुलं होती, इतकी की १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाला त्यावर निकाल द्यावा लागला. नातीशी वाद घातला नाही. तिने शपथ मोडली नाही आणि मी फुलबाजी सोडली नाही. ती माझ्या शेजारी उभी राहून बघते. बघायची शपथ घेतली नव्हती म्हणते. वकील होणार.

पण सप्टेंबरचा ठराव शिवकाशीमुळे आलेला नाही. तो धुरामुळे आलाय आणि धूर आपल्या आवारातला आहे.

आपल्या पहिल्या मजल्यावर राहणारे सर, नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. सोसायटीच्या चोवीस घरांपैकी पायाभरणीच्या दिवशी नारळ फोडताना हजर असलेल्या सहा-सात जणांतले एक. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून संध्याकाळी साडेपाचला आमचा बुद्धिबळाचा डाव असतो, आणि हिशेब सांगायचा तर ते पुढे आहेत. त्यांना दमा आहे. गेली काही वर्षं धनत्रयोदशीला ते बॅग भरतात आणि मुलीकडे जातात, भाऊबीज झाली की परत येतात. म्हणजे ज्या माणसाने ही इमारत उभी करायला सहकार खात्यात चपला झिजवल्या, त्याच्या दाराला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुलूप असतं. बाहेर पणती ठेवायची म्हणून किल्ली माझ्याकडे. दोन वर्षं मी ती पणती लावली. पणती लावून खाली यायचं आणि मग फुलबाजी पेटवायची, हे जमत नाही हो. हात मागे येतो.

धुराबद्दल मी थोडं वाचलं. माझ्यासारख्या पहाटप्रेमी माणसाला ते वाचून वाईट वाटलं. थंडीत पहाटेची जड, गार हवा जमिनीलगत बसून राहते, त्यामुळे धूर वर जात नाही, तिथेच तरंगतो. म्हणजे निफाडच्या थंड पहाटेला मारलेला फटाका हा सगळ्यात आनंदाचा आणि फुप्फुसाला सगळ्यात वाईट. सहाच्या आधीचा फटाका तर २००५ पासूनच बंद आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्टाने दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, लांब माळा बंद केल्या, बेरियमचे क्षार बंद केले. तमिळनाडूने सांगितलं, आमची दिवाळी पहाटेची. कोर्टाने त्यांना दोन तासांच्या आत वेळ बदलून दिली. त्यांनी सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सात ते आठ अशी वाटणी केली. अभ्यंगस्नान आपलंही पहाटेचंच, तेव्हा हे वाचून मला किंचित मत्सर वाटला. पण सरांच्या खिडकीकडे बघून तो गिळला.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने कोणत्या फटाक्यातून किती बारीक कण निघतात ते मोजलं. माझा अंदाज पार उलटा निघाला. ज्या नागगोळीला आवाज नाही, उडत नाही, म्हणून आपण तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो, ती सगळ्यात घाण. त्यानंतर माळ. फुलबाजी भुईचक्राच्याही वर, आणि मोजलेल्या प्रकारांत सगळ्यात कमी कण अनाराचे, म्हणजे आपल्या झाडाचे. कमी म्हणजे काही शून्य नाही. पण आपण जे निरुपद्रवी समजून सरांच्या खिडकीखाली पेटवत होतो ते नेमकं सगळ्यात वाईट होतं, हे त्या यादीतून दिसतं.

मग नागपूरच्या 'नीरी'चे हरित फटाके. कुणी म्हणेल, ते आणू, प्रश्न मिटला. मिटत नाही. धूर साधारण तीस टक्के कमी, असं ती संस्थाच सांगते. बँकेत तीस टक्के कर्ज माफ झालं म्हणजे सत्तर टक्के बाकी राहिलं असं आम्ही लिहीत होतो. तरी घ्यायचे असतील तर तेच घ्यावेत, पेटीवरचा क्यूआर कोड बघून. आणि तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० साली रामसर यादीत गेलेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. दिवाळीच्या सुमाराला तिथे परदेशी पाहुणे उतरायला लागलेले असतात. तिकडे फिरायला जाऊन पाण्याच्या काठावर ॲटम बॉम्ब लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बायकामंडळी बसलेल्या आहेत.

गेल्या वर्षी कमिटीच्या परवानगीने आपण एक प्रयोग केला. तुम्हाला आठवत असेल, नव्या सभासदांसाठी सांगतो. इमारतीच्या दाराशी, पार्किंगमध्ये, जिन्यात काहीच नाही. मागच्या बाजूला सोसायटीचा जो मोकळा प्लॉट आहे तिथे लक्ष्मीपूजनाला आठ ते नऊ, एकच तास. घरटी तीनशे रुपये वर्गणी, फटाके एकत्र आणले : झाडं, थोड्या फुलबाज्या, लहान मुलांसाठी भुईचक्रं आणि मोजून बारा आवाजाचे तोटे. माळ नाही, सुतळी बॉम्ब नाही, नागगोळी नाही. दोन बादल्या पाणी, दोन बादल्या वाळू. विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा पाण्यात टाकायला एक पोरगा नेमला होता, त्याने मोठ्या माणसांनाही दटावलं. बारा तोट्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. एकेक तोटा लावायला एकेक जण पुढे जायचा आणि बाकी साठ-सत्तर माणसं मागून ओरडायची, "पेटली! पेटली!" मला चिठ्ठी लागली नाही. एका मुलीने तिची चिठ्ठी मला देऊ केली, मी घेतली. लाज वाटून घ्यायचं वय राहिलेलं नाही.

सर त्या वर्षी थांबले होते. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, पंप हाताशी. लक्ष्मीपूजनाची रात्र निभावली. पाडव्याला सकाळी शेजारच्या कॉलनीत कोणीतरी भली मोठी माळ लावली, वारा आपल्याकडे होता, आणि दुपारी त्यांना मुलीकडे न्यावं लागलं. म्हणजे प्रयोग अर्धा जमला. अर्धा जमला हे मी सभेतही असंच सांगणार, पूर्ण जमला म्हणून सांगणार नाही.

परवा डाव मांडताना त्यांना विचारलं, "सर, ठरावाला तुमचं मत काय?" त्यांनी घोडा उचलला, ठेवला, म्हणाले, "बंदीच्या बाजूने. साहेब, तुमचा आनंद मला कळतो, पण तो माझ्या छातीला कळत नाही." मी म्हटलं, "मी विरोधात बोलणार." म्हणाले, "बोला ना. तुमचा वजीर गेला, तिकडे बघा आधी."

तर मी सभेत काय मागणार ते आजच सांगून ठेवतो, म्हणजे कोणाला ऐनवेळी धक्का नको. आवारात बंदी, तिला माझाही हात वर. मागच्या प्लॉटवर लक्ष्मीपूजनाचा एक तास तेवढा ठेवा, वर्षातून एकदा. तोही वारा इमारतीकडे असेल तर रद्द. आणि वारा कुठला आहे हे ठरवणार पहिल्या मजल्यावरचे सर. त्यांनी नाही म्हटलं की पेट्या कपाटात, चर्चा नाही. शेजारच्या कॉलनीच्या चेअरमनला आपल्या कमिटीने आधी जाऊन भेटावं, पेढे घेऊन भेटावं. नुसतं पत्र पाठवलं की ते फायलीला लागतं. आणि त्या दोन-तीन दिवसांसाठी सरांकडे हवा शुद्ध करायचं यंत्र ठेवायचं झालं, तर वर्गणीतला पहिला खर्च तो धरा, फटाके उरलेल्या पैशात. पैसे उरले नाहीत तर फटाके नाहीत.

एवढं करूनही बहुमत पूर्ण बंदीचं झालं तर ठराव मंजूर. सहकारात तसंच असतं. मग मी लक्ष्मीपूजन आटोपून धाकट्या भावाच्या मळ्यात जाईन, गोदाकाठी. तिथे गंजी कुठे आहे, गोठा कुठे आहे ते मला पाठ आहे. एक डझन झाडं आणि एक पेटी लवंगी, तीही सुटी करून. गाडीत माझ्याशिवाय चौघांची जागा आहे. नातीने शपथ न मोडता बघायला म्हणून एक जागा आधीच अडवली आहे, तेव्हा तीन शिल्लक. ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेसातला गेटवर थांबावं, स्वेटर घालून.